बोहाड्याची रात्र आणि बंद पडलेली फिल्म

पेठ, जिल्हा नाशिक

प्रति,
मा. आयुक्त,
आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : बोहाड्याच्या जुन्या कृष्णधवल निगेटिव्ह आणि त्या ज्या फिल्मवर टिपल्या गेल्या तिची नोंद

महोदय,

पेठ, सुरगाणा आणि हरसूलपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतच्या पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी होणारा बोहाडा हा रात्रीचा उत्सव आहे, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या छायाचित्रांचा विचार करताना मात्र हमखास विसरली जाते. गणपती, शारदा, खंडेराव, रावण, नरसिंह, वेताळ अशी सोंगे संबळाच्या आणि पिपाणीच्या तालावर एकामागून एक नाचत पुढे येतात, त्यांच्यासमोर टेंभे आणि मशाली धरलेल्या असतात, आणि मुखवट्याचा रंग, त्याचे डोळे व जबडा पाहणाऱ्याला दिसतात ते त्या हलत्या, तांबूस उजेडात. विजेचे दिवे गावोगाव पोहोचण्यापूर्वी हा देखावा कॅमेऱ्यात धरायचा, तर छायाचित्रकारापुढे दोनच वाटा होत्या : फ्लॅश उडवून मशालीचा उजेड पुसून टाकणे, किंवा अतिशय कमी प्रकाशातही प्रतिमा उमटवू शकणारी, म्हणजे वेगवान, कृष्णधवल फिल्म वापरणे. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांनी वापरलेल्या फिल्मपैकी काही आता कुठेच तयार होत नाहीत. प्रस्तुत पत्राचे म्हणणे असे, की अशा फिल्मवरील निगेटिव्ह हा केवळ छायाचित्राचा साचा नसून स्वतंत्र पुरावा आहे, आणि संस्थेने त्या गोळा करताना, स्कॅन करताना व जतन करताना त्यांना तसेच वागवले पाहिजे.

फिल्मचा वेग म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याची तिची क्षमता. डब्यावर छापलेला एएसए हा आकडा दुप्पट झाला की तेवढ्याच प्रतिमेसाठी निम्मा प्रकाश पुरतो. जर्मन डीआयएन पद्धतीत दर तीन अंशांना वेग दुप्पट होतो, म्हणून २१ अंश म्हणजे १०० एएसए आणि २७ अंश म्हणजे ४०० एएसए. हिशेब प्रत्यक्ष घालून पाहिला की बोहाड्याची अडचण ध्यानात येते. सोंगाच्या चेहऱ्यावर सुमारे १० लक्स उजेड पडतो असे धरले आणि भिंगाचे छिद्र एफ २ इतके मोठे उघडे ठेवले, तर १२५ एएसएच्या साध्या फिल्मला पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो, ४०० एएसएच्या फिल्मला पाव सेकंद आणि १६०० एएसएला सेकंदाचा सोळावा भाग. पाऊण सेकंदात नाचणारे सोंग एक-दोन पावले पुढे सरकलेले असते आणि निगेटिव्हवर फक्त धुरासारखा पट्टा उरतो. सोळाव्या भागात, तालावर पाऊल टेकून ते क्षणभर थबकले असेल, तर मुखवट्याचे दात मोजता येतात. रात्रीच्या बोहाड्याचे स्पष्ट छायाचित्र हे त्यामुळे छायाचित्रकाराच्या कौशल्याइतकेच फिल्मच्या रसायनाचे काम आहे.

हे रसायन असे चालते. फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या ब्रोमाइडचे, थोडे आयोडाइड मिसळलेले, सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की एखाद्या स्फटिकात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या खुणेला सुप्त प्रतिमा म्हणतात, आणि डेव्हलपरमध्ये रोल धुतला की अशी खूण असलेला संपूर्ण स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. पावसात वाटीपेक्षा परातीत अधिक थेंब पडावेत तसा मोठा स्फटिक लहान स्फटिकापेक्षा अधिक प्रकाश गाठतो, म्हणून वेगवान फिल्मचे स्फटिक मोठे ठेवावे लागतात आणि म्हणूनच तिच्यावरची प्रतिमा दाणेदार, स्टुडिओच्या भाषेत ग्रेन असलेली, दिसते. या ग्रेनचे कलादालनांत अलीकडे फार कौतुक होते. ते कौतुक करणाऱ्यांनी करावे. अभ्यासकाच्या दृष्टीने ग्रेन म्हणजे माहिती किती बारीक तपशिलापर्यंत विश्वासार्ह आहे हे सांगणारी मर्यादा आहे, आणि मुखवट्यावरची एखादी रेघ रंगाची आहे की दोन-तीन स्फटिकांच्या योगायोगाची, हे ठरवताना ती मर्यादा माहीत असावीच लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात ४०० एएसएच्या ज्या कृष्णधवल फिल्म ओळखीच्या होत्या त्यांत कोडॅकची ट्राय-एक्स आणि इल्फर्डची एचपी मालिका यांच्या बरोबरीने पूर्व जर्मनीतील ऑर्वो या छापाची एनपी २७ ही फिल्म होती. आग्फा कंपनीने १९०९ साली वोल्फेन येथे उभारण्यास घेतलेला फिल्मचा कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीच्या वाट्याला आला, १९६४ साली त्याच्या मालाला ‘ओरिगिनाल वोल्फेन’ या दोन शब्दांतून ऑर्वो हे नाव मिळाले, आणि भारत व पूर्व जर्मनी यांच्यातील व्यापार डॉलरऐवजी रुपयांत चालत असल्यामुळे, परकीय चलनाची टंचाई आणि आयात परवान्यांची कटकट यांच्या काळात, ही फिल्म येथील बाजारात पाय रोवू शकली. एनपी २७ या नावातच तिचा परिचय आहे : निगेटिव्ह फिल्म, पँक्रोमॅटिक म्हणजे सर्व रंगांना प्रतिसाद देणारी, आणि वेग २७ डीआयएन. तिची धाकटी बहीण एनपी २२ ही दिवसाच्या कामाची. भारत सरकारची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही १९६० साली स्थापन झालेली कंपनी उदकमंडलमच्या थंड, धूळ नसलेल्या हवेत ‘इंदू’ या नावाने रोल, एक्स-रे आणि सिनेमाची फिल्म बनवू लागली ती १९६७ पासून.

या दोन्ही कारखान्यांचा शेवट वेगवेगळ्या कारणांनी झाला. जुलै १९९० मध्ये दोन्ही जर्मनींचे चलन एक झाले, त्याबरोबर वोल्फेनचा माल एका दिवसात महाग झाला, रुपया किंवा रुबलमध्ये पैसे देणारी जुनी गिऱ्हाइके गळाली आणि १९९४ च्या सुमारास हा अजस्र उद्योग अवसायनात निघाला. उदकमंडलमचा कारखाना नव्वदच्या दशकातच आजारी उद्योग ठरला आणि पुढे डिजिटल कॅमेऱ्यांनी उरलेसुरले मागणीचे पाणी आटवले, तेव्हा त्याला कायमचे कुलूप लागले. जपानच्या फुजीची निओपॅन १६०० ही फिल्म २०१० च्या सुमारास बंद झाली. कोडॅकने १९८८ साली आणलेली टी-मॅक्स पी ३२०० ही २०१२ मध्ये थांबवली आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू केली. या शेवटच्या उदाहरणावरून बंद पडलेली फिल्म केव्हातरी परत येतेच असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण कोडॅकचा मूळ कारखाना चालू होता, आणि वोल्फेनच्या एनपी २७ मागे तसा कारखाना उरलेला नाही.

वेगवान फिल्म बंद पडणे हे साधी फिल्म बंद पडण्याहून अधिक कायमचे असते, याचे कारण तिच्या वेगातच दडलेले आहे. मंद फिल्मचे न वापरलेले रोल शीतपेटीत ठेवले तर दशके टिकतात आणि हवे तेव्हा बाहेर काढून जुना परिणाम ताडून पाहता येतो. वेगवान फिल्मचे मोठे स्फटिक मात्र उष्णतेने आणि आकाशातून व जमिनीतून सतत येणाऱ्या किरणोत्सर्गानेही हळूहळू चेतवले जातात. थंडीने उष्णतेचा परिणाम थोपवता येतो, किरणोत्सर्गाचा नाही. परिणामी न वापरलेला रोलसुद्धा वर्षांगणिक आपोआप करडा होत जातो, ज्याला फॉग म्हणतात, आणि त्याचा मूळचा वेग ओसरतो. तीस वर्षांपूर्वीचा एनपी २७ चा बंद डबा आज एखाद्या संग्राहकाकडे मिळाला, तरी त्यावरून ती फिल्म ताजी असताना मशालीच्या उजेडाला कसा प्रतिसाद देत होती हे कळत नाही. ते सांगू शकतात फक्त त्या काळी टिपून धुतलेल्या निगेटिव्ह.

मशालीच्या उजेडाला दिलेला प्रतिसाद हा मुद्दा संस्थेच्या कामाशी थेट जोडलेला आहे, कारण बोहाड्यातील मुखवट्यांचा अभ्यास बराचसा रंगांचा अभ्यास आहे. चांदीचे क्षार मूळचे फक्त निळ्या व जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देतात; हिरवा आणि तांबडा प्रकाश त्यांना ‘दिसावा’ म्हणून विशिष्ट रंगद्रव्ये मिसळावी लागतात, हा शोध हेर्मान फोगल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ साली लावला. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र पूर्ण केला त्या काळातील सिनेमाची फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती आणि तिच्यावर कुंकू काळे उमटे; तिच्या वेगाची मजल सूर्यप्रकाशापलीकडे नव्हती, त्यामुळे शेजारच्याच डोंगरांतील रात्रीचा बोहाडा तिच्या आवाक्याबाहेर राहिला हे ओघानेच आले. पुढच्या पँक्रोमॅटिक फिल्मने तांबडा रंग पाहिला, परंतु प्रत्येक कारखान्याची रंगद्रव्ये निराळी आणि त्यांची तांबड्या टोकाची मजलही निराळी. मशालीच्या ज्योतीत निळा प्रकाश अगदी थोडा आणि तांबडा भरपूर असतो. अशा उजेडात फिल्मचे काम बहुतांश त्या रंगद्रव्यांवर चालते, डब्यावरचा ४०० हा आकडा प्रत्यक्षात पुरा पडत नाही, शेंदरी मुखवटा फिकट उमटतो आणि निळा मुखवटा काळ्याशी एकरूप होतो.

याचा अर्थ असा, की एखाद्या जुन्या छायाचित्रात रावणाचा चेहरा पांढुरका दिसतो म्हणून त्या वर्षी तो पांढऱ्या रंगाने रंगवला होता असे लिहिणे जितके चुकीचे ठरू शकते, तितकेच दोन गावांतील मुखवट्यांच्या करड्या छटांची तुलना, एक छायाचित्र ट्राय-एक्सवरचे आणि दुसरे एनपी २७ वरचे आहे हे न पाहता करणे चुकीचे ठरेल. सावरीचे किंवा उंबराचे हलके लाकूड आणि कागदाचा लगदा यांचे मुखवटे वर्षानुवर्षे पुन्हा रंगवले जातात, जुने मोडले की नवे घडतात. रंग कसकसे बदलत गेले याचा लेखी पुरावा फारसा नसतो. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये पेठचे वर्णन शब्दांत आहे, छायाचित्रांत नाही. म्हणून कृष्णधवल निगेटिव्हमधून रंगाचा अंदाज काढण्याचा मोह अभ्यासकाला होणारच, आणि तो अंदाज निदान काही मर्यादेत शास्त्रशुद्ध व्हायचा, तर कोणती फिल्म, कोणता उजेड आणि कोणता डेव्हलपर, हे तिन्ही ठाऊक असणे आवश्यक आहे.

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर निगेटिव्ह स्वतःच देते. ३५ मिलिमीटरच्या रोलच्या दोन्ही कडांना छिद्रांच्या ओळी असतात आणि त्या कडेवर कारखान्याने छापलेले फिल्मचे नाव व चौकटींचे क्रमांक रोल धुतल्यावर काळ्या अक्षरांत उमटतात. १२० आकाराच्या रुंद रोलवरही, छिद्रे नसली तरी, कडेवर अशी अक्षरे असतात. प्रचलित डिजिटायझेशनमध्ये नेमकी हीच कड कापली जाते, कारण स्कॅन करणाऱ्याला हवे असते ते ‘चित्र’. संस्थेने निविदा काढताना एवढी एक अट घातली, की निगेटिव्ह कडेसकट, छिद्रांसकट आणि संपूर्ण पट्टी सलग स्कॅन व्हावी, तर एक पैसाही अधिक न खर्चता प्रत्येक चित्राबरोबर त्याच्या फिल्मचा दाखला आणि आधी-नंतरच्या चौकटींचा क्रमही जपला जाईल. सोंगे कोणत्या क्रमाने आली हा बोहाड्याच्या अभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न सुट्या, कापलेल्या चित्रांवरून सुटत नाही. सलग पट्टीवरून पुष्कळदा सुटतो.

डेव्हलपरचे उत्तर कडेवर नसते, ते माणसांकडे असते. कमी उजेडात ४०० ची फिल्म १६०० ची समजून टिपायची आणि धुताना डेव्हलपरमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवायची, या युक्तीला पुश करणे म्हणतात. तिने उजळ भागांतील तपशील मिळतो, पण सावलीतील तपशील जो मुळात उमटलेलाच नसतो तो कितीही धुतले तरी येत नाही. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि टाकणखार यांचे डी-७६ हे १९२७ चे सूत्र वजनकाट्यावर तोलून घरचा डेव्हलपर बनवता येत असे, आणि त्यात प्रत्येकाचा स्वतःचा फेरफार असे. शिवाय या भागात दोन गोष्टींचा विचार करावाच लागतो. डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला वापरावा असे पुस्तक सांगते, आणि बोहाड्याच्या दिवसांत हवा त्याच्या कितीतरी वर तापलेली असते; उष्ण डेव्हलपरमध्ये जिलेटिन फुगते आणि ग्रेन अधिक ठसठशीत होते. दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात धो-धो कोसळणाऱ्या पावसासाठी प्रसिद्ध असलेला पेठ तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो, आणि हायपो, म्हणजे प्रतिमा पक्की करणारे सोडियम थायोसल्फेट, निगेटिव्हमधून पुरते निघून जाण्यासाठी वाहते पाणी लागते. जिथे पाणी जपून वापरावे लागले तिथे हायपो मागे राहिलेला असणे शक्य आहे, आणि असा हायपो काही दशकांत चांदी पिवळी पाडतो. डाग दिसला म्हणजे निगेटिव्ह निकामी झाली असे समजून ती बाजूला टाकली जाऊ नये, यासाठी हे येथे नमूद केले आहे. पुन्हा पाण्यात धुऊन वाचवता येणाऱ्या निगेटिव्ह असतात. मात्र ते काम जाणत्या हातांनीच करावे.

अधिक गंभीर धोका पट्टीचा आहे. या काळातील बहुतेक फिल्मची पट्टी सेल्युलोज ॲसिटेटची असते. उष्ण व दमट हवेत तिचे विघटन सुरू होते, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, व्हिनेगारसारखा आंबट वास येऊ लागतो, पट्टी आक्रसते आणि वरचा जिलेटिनचा थर सुरकुततो. सुटलेले आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते आणि शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागण करते. रॉचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता या बऱ्यापैकी सौम्य परिस्थितीतही ताज्या ॲसिटेट पट्टीत हा प्रकार सुरू होण्यास सुमारे ४० वर्षे पुरतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पावसाळा एवढा सौम्य नाही. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील रोल पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवलेले असतील, तर त्यांची मुदत उलटून गेली आहे. घट्ट पिशवी आम्ल आतच कोंडते, म्हणून कागदी पाकीट तिच्यापेक्षा बरे.

यासाठी संस्थेला नवी इमारत बांधावी लागणार नाही. १९६४ साली स्थापन झालेले आणि आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे आणि तेथे ॲसिटेट फिल्मसाठी शीतगृहे आहेत. सिनेमाची निगेटिव्ह आणि स्थिरचित्राची निगेटिव्ह यांची पट्टी व चांदी एकाच जातीची; दोन संस्थांच्या मध्ये असलेले खाते आणि मंत्रालय यांचे अंतर तेवढे निराळे आहे, आणि ते ओलांडण्यासाठी एका सामंजस्य कराराची गरज आहे. स्कॅन झाल्यावर मूळ निगेटिव्ह मालकाला परत देऊन विषय संपवण्याची पद्धत या बाबतीत पुरेशी नाही, कारण माळ्यावर परत गेलेली निगेटिव्ह दोन-चार पावसाळ्यांत जाते आणि उद्या अधिक चांगले स्कॅनर आले तरी त्यांच्यापुढे ठेवायला काही उरत नाही.

याच्या जोडीला एक लहानसा प्रयोग सुचवावासा वाटतो. जे जुने मुखवटे गावांत आणि संग्रहांत टिकून आहेत, ते गावाच्या संमतीने, रंगपट्टी शेजारी ठेवून, मशालीच्याच उजेडात, आज मिळणाऱ्या ट्राय-एक्स, एचपी ५ प्लस आणि डेल्टा ३२०० या फिल्मवर आणि डिजिटल कॅमेऱ्यावर एकाच वेळी टिपले जावेत. बंद पडलेल्या फिल्मचा प्रतिसाद त्यातून हुबेहूब मिळणार नाही. परंतु त्याच मुखवट्याची जुनी एनपी २७ वरची निगेटिव्ह हाती असेल आणि मुखवटा मधल्या काळात पुन्हा रंगवलेला नाही याची खात्री असेल, तर दोन्ही ताडून त्या फिल्मने कोणता रंग कोणत्या छटेत उतरवला याचे कोष्टक मांडता येईल. असे कोष्टक एकदा हाती आले की ते बोहाड्यापुरते राहणार नाही, आदिवासी भागातील त्या काळच्या रात्रीच्या प्रत्येक छायाचित्राला ते उपयोगी पडेल. मुखवटे रंगवणारे आणि रोल धुणारे असे दोन्ही प्रकारचे जुने जाणकार हयात असतानाच हे करण्यात अर्थ आहे. त्यांच्या मुलाखती घेताना फिल्मचे नाव, डेव्हलपरची मात्रा आणि धुण्याचा वेळ हे प्रश्न मुद्दाम विचारले जावेत, कारण ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

शेवटचा प्रश्न हक्काचा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणून निगेटिव्ह स्वीकारताना छायाचित्रकाराशी किंवा त्याच्या वारसांशी लेखी करार होणे आवश्यक आहे आणि त्यांना योग्य मोबदला मिळणेही. पण सोंग घेणारी माणसे आणि ज्या गावचा बोहाडा ते गाव यांचे नाव कायद्याच्या कागदावर कुठेच येत नाही. काही सोंगे घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेली असतात आणि त्यांच्याभोवती व्रत, नवस व पथ्ये असतात; ती चित्रे कोणाला दाखवावीत याबद्दल गावाचे मत असू शकते आणि ते आधी विचारले जावे. ओळखता येणाऱ्या प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीकडे आणि शाळेकडे त्या गावच्या निगेटिव्हवरून काढलेल्या मोठ्या छापील प्रतींचा एक संच, मागे पेन्सिलीने गाव, वर्ष, सोंग आणि फिल्मचे नाव लिहून, संस्थेने स्वखर्चाने पाठवावा आणि या कामाचा आरंभ येत्या पावसाळ्यापूर्वी पेठ तालुक्यातून व्हावा, अशी विनंती आहे.